पाड्याचा ताप पुण्याला नेताना

नाशिकला जायचं ठरलं ते एका वडापावमुळे. चिकुनगुन्याने महाराष्ट्रभर लोकांना कमरेत वाकवलं होतं, तेव्हाची गोष्ट. सरांनी प्रयोगशाळेत विचारलं, "नाशिककडच्या पेठच्या पुढे एका पाड्यावर ताप आलाय. रक्ताचे नमुने आणायला कोण जातं?" सगळे घाईघाईने सूक्ष्मदर्शकात घुसले. माझ्या तोंडात नेमका अख्खा वडा होता. 'नाही' म्हणता येईना. सरांनी मौनाला होकार समजून माझ्या हातात दोन पांढरे थर्माकोलचे डबे ठेवले.

पुणे-नाशिक एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, पण डब्यांनी ती खाल्ली. कंडक्टर म्हणाला, "काय आहे यात?"

"बर्फ."

"पुण्याहून नाशिकला बर्फ? का हो, नाशिकचा संपला?"

शेजारच्या काकू संगमनेरपर्यंत हसत होत्या. मीही हसले असते, पण डब्याखाली पायांना मुंग्या आल्या होत्या.

नाशिकला उतरल्यावर आधी मिसळ खा. दिवसभर पोट भरलेलं राहतं आणि खिसाही फार रिकामा होत नाही. तर्री मागताना मात्र मोठेपणा नको. मी "तिखट चालतं" म्हणाले आणि पुढचा अर्धा तास नुसती रडत होते. भाड्याच्या जीपचे चालक दत्तूभाऊ समोर बसून शांतपणे पापड मोडत म्हणाले, "मॅडम, पुण्याच्या ना? मग बरोबर."

पेठचा रस्ता भात आणि नागलीच्या शेतांमधून घाटाकडे जातो. हिरवाई इतकी, की माझ्यासारखी कटकटी बाईसुद्धा दहा मिनिटं गप्प बसली. पुढे जाणार असाल तर डिझेल नाशिकमध्येच भरा, आणि घरी फोनही तिथूनच करा. घाटात मोबाइल म्हणजे घड्याळ.

पाड्यावर आमचं ठाणं हिराबाईच्या ओट्यावर. हिराबाई म्हणजे पाड्याचा कणा. दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला पाड्यातली माणसं घेऊन तीच खालच्या बाजारगावाकडे उतरायची. यंदा मात्र तिचं तोंड उतरलेलं.

"ताई, मुकादम म्हनला, तुम्हीच बाजाराला येताना डोंगरावरून ताप आनला, आमच्या गावात पसरवला. यंदा गाडी नाय धाडायचा. छाटणी गेली तर आमी वर्षभर खायचं काय?"

मला एकदम राग आला. ताप काय पिशवीत घालून आणतात? पण नुसत्या रागाने काय होणार, पुरावा हवा. तिला म्हणाले, "हिराबाई, विषाणूच्या आत अक्षरं असतात. ती आम्ही वाचतो. बाजारगावातल्या रुग्णांची अक्षरं आमच्याकडे आहेत. तुमची जुळवून पाहिली, की ताप कुठून कुठे गेला ते कळू शकतं."

"कसं काय?"

"एखादी चुगली चार घरं फिरली की तिला मीठमसाला लागतो ना? तसंच. मसाला कुठे कुठे वाढला ते बघायचं."

हिराबाई खुदकन हसली. "मंग आमच्या पाड्याची चुगली नीट वाचा, ताई!"

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी रक्त घ्यायला सुरुवात केली आणि ओट्यावर जत्रा भरली. एक आजोबा उजवा हात पाठीमागे लपवून म्हणाले, "ह्यातलं नका घेऊ, ह्यो कामाचा हाय. डाव्यातलं घ्या, तो बसूनच खातो." एका काकूंना अक्षरांमधून जावयाचा स्वभाव कळतो का ते विचारायचं होतं. मी म्हटलं, त्याला यंत्र कशाला?

नमुने एका डब्यात बर्फात ठेवले आणि तो आत खाटेखाली सावलीला सरकवला. दुसऱ्याचा बर्फही त्यातच ओतला होता, म्हणून तो रिकामा डबा हिराबाईकडे धुवायला दिला. इथेच घात झाला. तिच्या घरी कुणाचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. मी हातपाय धुवून येईपर्यंत तिने डबा भरून, झाकण लावून जीपपाशी आणला. मला वाटलं, हाच नमुन्यांचा. "अगं बाई, सांभाळून!" असं ओरडत मी तो स्वतः दोरीने आवळून बांधला. हिराबाई म्हणाली, "ताई, किती ओ जीव लावता!"

नाशिकजवळ आल्यावर ताजा बर्फ घालायला झाकण उघडलं. आत नागलीच्या भाकऱ्या, खुरासणीची चटणी आणि सुकट!

मी किंचाळले. दत्तूभाऊंनी डोकावून वास घेतला. "मॅडम, सॅम्पल शिजलं की काय?"

"गाडी फिरवा!"

रडू फुटलं हो मला. बर्फ वितळला की नमुने वाया, आणि नमुने गेले की मुकादमाचाच शब्द खरा. दत्तूभाऊ परत घाट चढत होते. निम्म्यात समोरून एस.टी. आली आणि खिडकीतून ओळखीचा हात हलला. ड्रायव्हरने गाडी थांबवली. आत बघते तर काय! मागच्या बाकांवर माणसांवर माणसं रचलेली, पुढचा अर्धा भाग मोकळा, आणि पहिल्या बाकावर मांडीवर डबा घेऊन हिराबाई महाराणीच्या ऐटीत.

कंडक्टर रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, ह्या बाईला उतरवा! डब्यात काय म्हणून विचारलं तर म्हणते, सबंध पाड्याचा ताप!"

"खोटं का बोलू?" हिराबाई म्हणाली. "ताई, तुम्ही जेवन नेलं अन् रगत इसरल्या."

झाकण उघडलं. बर्फ अजून घट्ट होता. मी भर रस्त्यात तिला मिठी मारली. मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "त्या मॅडमलाही गाडीत घेऊ नका!"

भाकऱ्या आम्ही घाटातच संपवल्या. दत्तूभाऊंनी सुकट एकट्याने खाल्ली, आणि वर मलाच ऐकवलं की नमुने असेच विसरत जा.

पुण्यात काही आठवडे यंत्रं चालली. निकाल आला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा तपासला. बाजारगावातल्या विषाणूतला सगळा मसाला पाड्यातल्या विषाणूत होता आणि वर एक स्वतःचा नवीन. म्हणजे ताप खालून वर गेला होता. आरोग्य खात्याची माणसं बाजारगावातल्या मजुरांच्या वस्तीवर जाऊन आली, तर मुकादमाच्याच सिमेंटच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नर्सबाईंनी हे पाड्यावर सगळ्यांदेखत वाचून दाखवलं.

प्रवासातून माणूस काहीबाही आणतो. मी तुटकी चप्पल आणि अंगाला चिकटलेला सुकटीचा वास आणला. पण खरं सांगू? इतकी वर्षं मी अक्षरं वाचत होते, ती कुणाच्या घरची ते कधी पाहिलंच नव्हतं. आता नमुना हातात आला की आधी ओटा दिसतो.

छाटणीच्या तोंडावर हिराबाईने दुकानातून फोन केला. मी अधीरपणे विचारलं, "मुकादमाने गाडी धाडली का?"

"सोता घेऊन आला, लय गोड बोलत. मी म्हनलं, आमी सगळ्यांनी रगत दिलं, आता तू दे. मंगच बसतो."

"मग? दिलं?"

"कुठचं ओ! नर्सबाईनं सुई काढली अन् गडी धाडकन आडवा. मंग आमीच त्याला उचलून त्याच्या गाडीत घातला, अन् बसलो."