नेट सुरू झालं की सांगतो

आमच्या बोरीवलीच्या घरातलं नेट बंद पडलं नव्हतं, हीच तर खरी कटकट होती. पूर्ण बंद पडलं असतं तर केबलवाल्याला चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण बाबांच्या कॉम्प्युटरवर काही साइट उघडायच्या, काही नाही. वर्तमानपत्र उघडायचं, माझ्या बँकेची साइट उघडायची. मेल उघडायचा नाही, व्हिडिओ उघडायचे नाहीत. आणि ज्याच्यावाचून सगळं अडलं होतं, ते पंचांगाचं पानही उघडायचं नाही.

अडलं होतं माझ्या काकांचं ऑपरेशन. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कुडाळजवळ आमच्या गावी राहायचे. हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गोव्याला न्या, आणि लगेच न्या. पण आमच्या घराण्याची रीतच अशी, की बाबांनी पत्रिका बघून दिवस सांगितल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. चुलतभावाला मी फोनवर झापलं, "अरे, डॉक्टर सांगतोय ना? मग ने ना! कसली वाट बघतोयस?" तर म्हणाला, "ताई, मी आत्ता गाडी काढतो गं. पण ते उठायलाच तयार नाहीत." मागून काकांचा दमलेला आवाज ऐकू आला, "दादाक इचारल्याशिवाय मी खंयच जावचंय नाय."

आणि दादा, म्हणजे आमचे बाबा, रोज तेच सांगायचे, "नेट सुरू झालं की सांगतो."

बाबा आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते. पत्रिका बघणं हा त्यांचा नाद, धंदा नव्हे. फाल्गुनात कुणीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर पत्रिकेचा एक प्रोग्राम टाकून दिला होता, फुकटातला, महिनाभर चालणारा. महिना संपल्यावर विकत घ्यायला गेलो तर कंपनीच बंद पडलेली. मग पत्रिका दाखवायला आलेल्या एका लग्नाळू मुलानेच बाबांना युक्ती शिकवली. कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची, प्रोग्रामला वाटतं महिना अजून संपलाच नाही. काम झालं की तारीख पुन्हा पुढे आणायची. बाबा खूश झाले होते. आई म्हणाली होती, "ग्रहांनासुद्धा फसवायला लागलात!" ही युक्ती मला माहीत होती, पण तेव्हा हसून विसरून गेले होते.

त्या प्रोग्रामला आजचे ग्रह कळत नाहीत, ते नेटवरच बघावे लागतात, असं बाबांचं म्हणणं. मी मोबाइलवर ते पान काढून दिलं, छापील पंचांगही पुढे केलं, तर म्हणाले, "एवढ्या बारीक आकड्यांत माझे डोळे जातात, बाय." मी वाचून दाखवते म्हटलं, तर "तुला त्यातलं काय कळणार?" मला ओ की ठो कळत नाही, हे खरंच होतं. मग मी नेटच्या मागे लागले.

राउटर बंद केला, चालू केला. कस्टमर केअरच्या पोरीने सांगितले ते सगळे आकडे टाकले, काढले, परत टाकले. माझा मोबाइल वायफायवर सुरळीत चालायचा, कॉम्प्युटरला मात्र वायर होती, म्हणून मी वायरवर खापर फोडलं. केबलवाला आला, नवी वायर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, मेरी तरफ से सब ओके है." मी म्हटलं, "डोंबल ओके! मग हे उघडत का नाही?" तो खांदे उडवून निघून गेला. बाबा पलंगावर बसून हे सगळं बघत होते. एकदाही मधे बोलले नाहीत. एरवी घरात बल्ब बदलायचा म्हटला तरी दहा सूचना करणारा माणूस.

न उघडणाऱ्या पानावर इंग्रजीत लिहून यायचं, की तुमचं घड्याळ मागे आहे. मी कोपऱ्यातली वेळ बघितली, मनगटावरची बघितली. मिनिटाचाही फरक नाही. म्हटलं, घ्या, या नेटवाल्यांचं खोटं बोलण्यातसुद्धा धड लक्ष नाही!

शेवटी रविवारी दुपारी मी इरेला पेटले. त्या पानाचं चित्र काढून तक्रारीला जोडायचं ठरवलं. चित्र सेव्ह झालं आणि त्याच्या नावापुढे तारीख आली. मार्चमधली. बाहेर दिवाळी होऊन गेली होती आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर नुकती होळी झाली होती. वेळ बरोबर होती, दिवस मागे होता, आणि मी आठवडाभर नुसती वेळ बघत बसले होते.

मग डोक्यात उजेड पडला. प्रत्येक साइटकडे एक ओळखपत्र असतं, अमुक दिवसापासून चालेल असं. काही साइटची ओळखपत्रं वर्षभराची असतात, मार्चच्या आधीच काढलेली. त्यांना बाबांचा कॉम्प्युटर आत घेत होता. बाकीच्यांची मार्चनंतर नव्याने काढलेली. ती त्याला खोटी वाटत होती, कारण त्याच्या लेखी तो दिवस अजून उजाडलाच नव्हता.

"बाबा, तारीख पुढे आणायला विसरलात ना?" मी हसतच मागे वळले. एवढी सोपी गोष्ट होती म्हणून जीव हलका झाला होता.

बाबांनी मान फिरवली. ते पाहून माझं हसू विरलं. आई आषाढात गेली. त्यानंतर या घरात एकही पत्रिका आली नव्हती. दुखवट्याच्या वर्षात लग्नासाठी पत्रिका दाखवायला कोण येणार? मग तारीख मागे न्यायचं कारणच काय होतं?

"मागे असली की ते पान उघडत नाही," बाबा म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? आणि मी तो केबलवाला, ती वायर... बाबा, तिकडे काका श्वासाला महाग झालेत!"

"ओरडू नको, बाय."

"का नको ओरडू?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आईच्या वेळीही डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणाला होता. मी म्हटलं, अमावास्या टळू दे. मग म्हटलं, गुरू बदलू दे. सगळं बघून, मांडून सांगितलं तिला. तिनं ऐकलं. आता याला कुठल्या तोंडाने दिवस सांगू? नेट नाही म्हटलं की निदान सांगावं तरी लागत नव्हतं."

आईच्या वेळी मी भांडले होते. आईनेच मला गप्प केलं होतं, त्यांचं मन मोडू नको म्हणून. म्हातारा समोर हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि मला त्याची दयाही येईना आणि रागही धड येईना.

"दिवस सांगू नका," मी म्हटलं. "नुसतं जा म्हणा."

"नुसतं जा म्हटलं तर तो जाणार नाही. मी ओळखतो त्याला."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून काकांनीच विचारलं, "दादा, कदी जाव?" बाबांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. माझीही गेली. त्या रविवारच्या चौकोनात अमावास्येचा काळा ठिपका होता.

"आजच," बाबा म्हणाले. "आत्ताच नीघ. आजच्यासारखो दिवस नाय. मी सगळा बघितलंय."

काका संध्याकाळच्या आत गोव्याला पोचले. ऑपरेशन झालं, पण ते त्यातून उठले नाहीत. थोडं आधी आणायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरने चुलतभावाला सांगितलं. गावात मात्र बोलणं वेगळंच झालं. ऐन अमावास्येला सख्ख्या भावाने बाहेर काढला, एवढा जाणता माणूस आणि कॅलेंडरसुद्धा बघितलं नाही. तेराव्याला एका भाऊबंदाने बाबांना फोनवर हे सुनावलं. मी फोन हिसकावून घ्यायला गेले, तर बाबांनी हात आडवा धरला. शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे फोन ठेवला.

"सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं, "की अमावास्येचा काही संबंध नाही!"

"अमावास्येचा नाहीच गं," बाबा म्हणाले. "मी त्याचा आठवडा खाल्ला. ते त्यांना कुठे माहीत आहे?"