भूपातलं भांडण

पेटीवर बोटं ठेवली की माझ्या डोक्यात बाजार भरतो. एरवी ओट्याशी उभी असते तेव्हा कसं सगळं सामसूम असतं. पण भाता हलवून सा धरायचा अवकाश, की सगळे एकदम बोलायला लागतात. दूध झाकलं का, मुलीने डबा अर्धा परत का आणला, पाण्याची मोटर चालूच राहिली बहुतेक. आणि या सगळ्यांच्या वर, खणखणीत आवाजात, माझी थोरली जाऊ.

तिचा आवाज वर असण्याला कारण होतं. घरातल्या साखरपुड्याला मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तिने त्यातली एक हातात धरून पाहुण्यांना दाखवली आणि म्हणाली, ही भाकरी न्हाय, नकाशा हाय. पाहुणे हसले, मीही दात दाखवले. तेव्हापासून मी तिला मनातल्या मनात उत्तरं देत होते. काय एकेक उत्तर होतं! ऐन वेळी मात्र एकही सुचलं नव्हतं.

आता नेमकं हिच्याच गाण्याला मला पेटी धरायची होती. गावच्या सप्ताहात आम्हा बायकांच्या भजनी मंडळाला पहिल्यांदाच एक तास मिळाला होता. पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे राहायला गेल्या आणि मी शाळेत असताना थोडीफार शिकले होते, म्हणून पेटी माझ्या गळ्यात पडली. गाणार जाऊ. समोर पुरुषांचं मंडळ बसणार, आणि आमची कधी फजिती होते याकडे डोळे लावून बसणार, हे मी लिहून द्यायला तयार होते.

हात सुधारावा म्हणून मी रिक्षाने भिवंडीत, निजामपुऱ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त संगीत शिक्षकांकडे जायला लागले. त्यांनी भूप राग शिकायला दिला. पाचच सूर, त्यात काय चुकायचं, असं मला वाटलं होतं. मी पाचांतही चुकले. शेवटी सरांना सांगून टाकलं की डोक्यात फार बडबड चालते. ते चष्मा पुसत म्हणाले, “ताई, ती थांबवायला जाऊ नका. येईल तशी सुरात म्हणा. गायला लागली की दमते ती.”

घरात हे करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण आमच्या वळ गावात जागेला काय तोटा! आमच्या शेतावर आता गोदाम आहे आणि भाडेकरू सोडून गेल्यापासून ते रिकामंच होतं. नवऱ्याकडून किल्ली घेतली, दुपारी पेटी नेऊन मधोमध सतरंजी टाकली, आणि शटर अर्धं वर ठेवून सुरू झाले. “दूऽध झाकलं काऽ” सा रे ग वरून गेलं आणि पत्र्याला आपटून परत आलं. मला हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. मोटर गायली, डबा गायला, दोन्ही खरोखर दमून गप्प झाले. मग उरली जाऊ. मी भाता जोरात ओढला आणि साखरपुड्यापासून साठवलेलं सगळं भूपात सोडलं. “ताऽई, माझी भाकरी नकाशाऽ, तुमची काय पुनवेचा चंद्रऽ!” गोदाम पण म्हणालं, चंद्र, चंद्र. इतकी मजा आली की मी तेच आणखी वरच्या सुरात घेतलं.

तेवढ्यात शटरखालून दुसरा सूर आला. माझ्यापेक्षा खालचा, जाड आणि अगदी खरा.

“नकाशा बोलले गोऽ, पन त्यातल्या तीन मीच खाल्ल्याऽ!”

जाऊ वाकून आत आली. चहाची किटली घेऊन आली होती, आणि कधीपासून उभी होती देव जाणे. मी घाईने भाता मिटला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र सतरंजीवर मांडी घालून बसली आणि गातच राहिली. तालमीला तू काकूंची पट्टी सोडून वर धरतेस, मना पोचत न्हाय. धाप लागते. गावासमोर आवाज फाटला तर? बोलू कुनाला, तू तर मान वर करून बघत पन न्हाय.

हे शेवटचं तिने गायलं नाही. नुसतं बोलली.

खरंच मी बघितलं नव्हतं. दोन हात अंतरावर बसून मी तिच्याशी डोक्यात इतकी भांडत होते, की तिचा आवाज कुठे अडतो ते ऐकायला मला सवडच नव्हती. मला एकदम हसू फुटलं आणि रडूही आलं. ती आधी रागावून बघत राहिली, मग तीही फिसकन हसली. पत्र्याने दोघींचं हसू असं काही घोळवलं की आम्हाला आवरेना. चहा तसाच निवला.

मग मी तिला म्हटलं, तुम्ही धरा, मी शोधते. तिने डोळे मिटून सा लावला. मी एक पट्टी दाबली, ती नव्हती. तिच्याखालची दाबली, तीही नव्हती. तिसरी तिच्या आवाजात अशी मिसळली की पेटी कुठली आणि जाऊ कुठली ते कळेना. आम्ही अख्खा अभंग म्हटला. मध्ये कुठेतरी माझ्या लक्षात आलं की डोक्यात कोणीच बोलत नाहीये. जिच्याशी बोलायचं होतं ती समोर बसून गात होती, आणि मी ऐकत होते.