बेसिनखालचं पिंप

लातूरच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घेत होतो, तेव्हा नांदेडहून फोन आला... शोभाताई गेल्या. हातातल्या बीकरमध्ये मोरचुदाचं निळं पाणी होतं. सवयीनं बेसिनखाली पाहिलं, तर तिथं पिंप नव्हतं. मग ते पाणी ओतवेना. बाटलीत भरून एसटीनं नांदेडला आणलं. लोक हसले. हसोत.

शोभाताई वाघमारे आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. माहेर अर्धापूरचं, आई केळीच्या बागांत मजुरीला. घड उतरवल्यावर बांधावर कुजत पडणारे केळीचे खांब त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. तेच खांब त्या रिक्षात घालून प्रयोगशाळेत आणायच्या, चिरून धुवायच्या, सायट्रिक आम्लात भिजवून ओव्हनमध्ये तापवायच्या. असा चोथा पाण्यातलं मोरचुदाचं तांबं धरून ठेवतो. तो पिंपात भरून त्यांनी बेसिनचा पाइप त्यात सोडला होता. मी चेष्टा करायचो, "ताई, सगळ्या गावची घाण गोदावरीत चाललीय, अन् तुम्ही आपलं बादलीभर पाणी गाळून राहिल्या."

"दुसऱ्याच्या नाल्यावर बोलायचं हाय ना सर? मग आपली मोरी आधी साफ पाहिजे."

एकदा चोथा बदलायचा राहिला आणि पाणी निळंच्या निळं मागच्या नालीत गेलं. कुणाला कळलंही नसतं. ताईंनी सूचनाफलकावर कागद लावला : 'आज माझ्या चुकीमुळे निळं पाणी बाहेर गेलं. – शोभा वाघमारे.' प्राचार्य भडकले, कॉलेजची अब्रू गेली म्हणाले. "अब्रू पाण्यासंगं गेली सर, कागदानं न्हाई," ताई म्हणाल्या, आणि तो कागद महिनाभर हलू दिला नाही. मला तेव्हा त्या हट्टी वाटल्या. होत्याच.

त्या गेल्यावर, तपासणी समिती येणार म्हणून पिंप भंगारात काढायचं ठरलं. मी म्हणालो, हात लावून दाखवा. तेव्हापासून दर शनिवारी चोथा मी बदलतो. खांब चिरताना शर्टावर पडलेले डाग काही केल्या निघत नाहीत, म्हणून घरी बोलणी खातो.

मागच्या शनिवारी विसरलो. सोमवारी पाणी निळं गेलं, आणि ते फक्त मी पाहिलं. बराच वेळ पेन हातात धरून बसलो... लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू? मग ताईंच्याच शब्दांत कागद लिहिला आणि खाली माझं नाव घातलं. समिती येण्याआधी काढा, असा निरोप आला. काढला नाही. समिती आली, वाचून गेली.

कागद अजून तिथंच आहे. महिनाभर राहील.