आईच्या तोंडी घातलेला शब्द

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको सुजाता वारली. दवाखान्यातून तिला क्वार्टरवर आणलं, संध्याकाळी घाटावर नेलं.

पुढे जे लिहितो आहे ते मी तिला कधी सांगितलं नाही. इतर कुणालाही नाही — अगदी अलीकडे दोघींना सांगितलं, ते पुढे येईलच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

तिच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतले लोक आले, गावाकडचे आले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण तिच्याबद्दल बोलायला उभा राहिला. जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली — सासूचा शब्द या बाईने जन्मभर पाळला. शेजारच्या कमलाबाई तर म्हणाल्या, "बेस्याले बंगला भेटत होता तिले. पण नाही गेली. असी सून भेटते का आता?" लोक माना डोलावत होते. मीही मान डोलावली.

बेसा म्हणजे शहराच्या टोकाची नवी वसाहत; तिथे बंगला नव्हता, साधा फ्लॅट होता. आणि शब्द — पण आधी क्वार्टरबद्दल सांगायला हवं.

गृहनिर्माण मंडळाच्या भाड्याच्या क्वार्टरमध्ये आमची हयात गेली. दोन खोल्या, पुढे ओसरी. इथून दीक्षाभूमी पायी जाण्याइतकी जवळ, त्यामुळे दरवर्षी दीक्षेच्या दिवसांत विदर्भातल्या गावागावांतून येणारी माणसं आमच्याकडे उतरत. नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, कधी कुणाचेच कोण नसलेले. आईच्या काळापासूनची ही रीत. ओसरीत सतरंज्या अंथरायच्या, मोठ्या गंजात पिठलं रटरटायचं. आई गेल्यावर हे सगळं सुजाताने उचललं. एखादी बाई संकोचून अर्धीच भाकर घेऊ लागली की सुजाता म्हणायची, "काहून वं, तुह्या गावात भाकरीवर टॅक्स हाय का?" ती बाई हसायची आणि दुसरी भाकर घ्यायची.

पण सुजाताला स्वतःचं घर हवं होतं. फार नाही बोलायची, एवढंच म्हणायची की भाड्याच्या भिंती आपल्याशी बोलत नाहीत. मंडळाचा नियम असा की शहरात मालकीचं घर घेतलं की क्वार्टर सोडायचं. म्हणजे दोन्ही नाही — एकच निवडायचं.

आईला जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा सुजाता मला बेस्याला घेऊन गेली. इमारतीचं काम चालू होतं, जिन्याला कठडाही नव्हता. स्वयंपाकघरात खिडकीखाली ओटा नुकताच बसवला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि रिकाम्या ओट्यावर पोळी लाटल्यासारखे हात फिरवून पाहिले. उंची बरोबर आहे, म्हणाली. मी दारातून पाहत होतो. तिचा तो चेहरा मी पाहिला होता — हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे केलं ते न कळून केलं असं म्हणायला मला जागा नाही.

मला जायचं नव्हतं. का? हप्त्यांची भीती होती, पण ती थोडी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वस्तीत लोक मला सर म्हणत, अर्ज लिहून घ्यायला येत, पोरांच्या ॲडमिशनचं मला विचारत. बेस्यात मला कोण ओळखणार होतं? तिथे मी दुसऱ्या मजल्यावरचा एक माणूस झालो असतो. एवढंच कारण. ते बायकोला सांगायची लाज वाटली.

म्हणून दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी म्हणालो — आईने जाताना माझ्याकडून शब्द घेतला होता. दीक्षाभूमीवर येणारी माणसं या दारातून परत जाऊ नयेत, हे घर सोडू नको.

आई गेली तेव्हा तिच्याजवळ मी एकटा होतो. सुजाता दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर औषध आणायला गेली होती. खोटं पकडलं जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

सुजाताने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग आधी काहून नाही सांगितलं? मी उगाच तुमाले बेस्याले फिरवून राहिली." उठली, आईच्या फोटोसमोर हात जोडले. माफी मागितली असावी. मी चहा संपवला.

त्यानंतर तिने घराचं नाव काढलं नाही.

आई खरंच काही बोलली होती का? बोलली होती. "घर घे गा. या पोरीले तिच्या नावाचं दार दे." पोरी म्हणजे सुजाता. मी नुसता शब्द बनवला नाही, उलटा केला.

मी स्वतःला पुष्कळदा समजावलं — पाहुण्यांत ती रमायची, हसायची, सुखी होती. होतीही. पण ते तिचं कर्तृत्व. माझ्या खोट्याच्या खात्यात ते कसं टाकू?

मग एप्रिल आला. आमची मुलगी प्रज्ञा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तिने बेस्यातच एक फ्लॅट पसंत केला होता, आईच्या आजारपणाआधीपासून. एका दुपारी येऊन म्हणाली, "बाबा, मी फ्लॅट कॅन्सल करून राहिली. क्वार्टर माझ्या नावावर करून घेऊ. आजीचा शब्द आईनं पाळला, आता मी कसा मोडू?"

समाधानाने म्हणाली ती. तिच्या आईच्याच समाधानाने. मी गप्प राहिलो असतो तर माझा मान वाढला असता, सोबतही मिळाली असती. आणखी एक जन्म त्या वाक्याखाली गेला असता.

मी उठून कूलर बंद केला आणि तिला सांगितलं. जसं घडलं तसं, ओट्यापर्यंत सगळं.

ती रडली नाही. उठून खिडकीपाशी गेली. मग तिने विचारलं, "आईले तो ओटा आवडला होता?"

"हो."

"तिच्यासमोर इतकी वर्षं कसे जेवले तुम्ही?"

मी कूलर परत चालू केला.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून फ्लॅट नक्की केला. माझ्याशी चारेक दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाली, दीक्षेला येणारे लोक बेस्यालाही येतील, बस आहे, नाहीतर ती गाडीने आणेल. हॉलमध्ये सतरंज्या मावतात, तिने अंदाज घेतला आहे. गावाकडे तिने तसे फोनही केले. कमलाबाईंना खरी गोष्ट तिने सांगितली नाही. मी सांगितली. त्या आता मला सर म्हणत नाहीत.

सामान हलवून झालं. क्वार्टरची किल्ली मंडळाच्या कार्यालयात दिली. बेस्याचं घर प्रज्ञाच्या नावावर आहे. त्यातली एक खोली तिने मला राहायला दिली आहे.