उत्तरानंतरची शांतता

शिक्षकाने एखादी गोष्ट समजावून सांगितली आणि वर्ग गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ आधी नीट लावावा लागतो. एखादा विद्यार्थी खरोखर समजून गप्प असतो. एखादी मुलगी मनात आकृती जुळवत असते. मागच्या बाकावरच्याला तर पहिले वाक्यच कळलेले नसते, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. कोण कशामुळे गप्प आहे हे ओळखणे, हा शिकवण्याचा निम्मा भाग आहे. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी हे शिकले. निवृत्तीनंतर अमरावतीच्या एका स्टार्टअपमध्ये काम धरले, तेव्हा हे ज्ञान तिथे अडचणीचे ठरले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कंपनीचे काम असे होते. दहावीच्या मुलांनी मोबाइलवरून शंका विचारायची आणि ॲपमधल्या चष्मा लावलेल्या घुबडाने उत्तर द्यायचे. हे घुबड म्हणजे यंत्राची बुद्धी, असे मुलांना आणि पालकांना सांगितले जाई. सोपी उत्तरे यंत्र देतही असे. पण शंका जरा अडली की ती मागच्या खोलीत येई, आणि तिथे बसलेले आम्ही शिक्षक घुबडाच्या नावाने उत्तर टाइप करत असू. आपण माणूस आहोत हे मुलांना कळू द्यायचे नाही, असा नियमच होता.

"घुबड घरावर बसलं तं लोक गोटे मारते," माझ्या शेजारी बसणारे, तिवशाहून येणारे गणिताचे सर म्हणत, "अन् आपण त्याच्या पोटात बसून पोरं शिकवून राहिलो!"

कंपनीत सर, मॅडम म्हणायला बंदी होती. मालकाला सगळे भाऊ म्हणत. तो माझ्या मुलाच्या वयाचा, अमरावतीचाच, पुण्यात शिकून परत आलेला. "ताई, आपण सगळे एक फॅमिली आहोत," हे त्याचे आवडते वाक्य. फॅमिलीतल्या कोणाला काही विचारायचे असेल, तर मात्र त्याची वेळ घ्यावी लागे.

आणखी एक नियम होता, आणि माझा सगळा राग त्याच्यावर आहे. उत्तर दिल्यावर मूल थोडा वेळ काही लिहीत नसेल, तर संवाद आपोआप बंद होई. घुबड पंख फडफडवी, "छान! शंका सुटली" अशी अक्षरे येत आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर सुटलेल्या शंकांचा आकडा वाढे. नेटवर्क गेले तरी शंका सुटली. आईने हाक मारली म्हणून मूल उठले तरी शंका सुटली.

तेल्हारा तालुक्यातली एक मुलगी शंका विचारायला येऊ लागली. आम्हाला मुलांचे नाव दिसत नसे, फक्त तालुका आणि इयत्ता. आपल्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले आणि जागा रिकामी आहे, हे तिनेच लिहिले होते. तिने विचारले, "एक रोध करंटले अडवते. दुसरा समांतर लावला तं अडथळा कमी कसा काय होते? वाढाले पाहिजे ना?"

प्रश्न उत्तम होता. नुसते सूत्र पाठ करणाऱ्याला तो पडत नाही. मी लिहिले, "बाजार समितीला एकच अरुंद फाटक असले, तर कापसाच्या गाड्या बाहेर अडून राहतात. शेजारी तेवढेच अरुंद दुसरे फाटक उघडले, तर दोन्ही फाटके अडवतातच. पण दोन्ही मिळून जास्त गाड्या आत सोडतात." ती विचार करत होती. तेवढ्यात घुबडाने पंख फडफडवले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. बंद झालेला संवाद उघडत नसल्यामुळे सगळे पहिल्यापासून. "मी वहीत फाटकं काढून राहिली होती, तं तुमी बंदच केलं. तुमाले राग आला काय?"

मी भाऊकडे गेले.

"ताई, मूल शांत आहे म्हणजे समजलं," तो म्हणाला. "नसतं समजलं तर विचारलं असतं."

"शाळेत न समजलेलं सगळं तुम्ही विचारत होतात?"

"म्हणून तर हे ॲप काढलं! इथे लाजायचं कारणच नाही."

"ती लाजत नाही. विचार करते आहे. त्याला वेळ लागतो."

"तुमच्याच शंका सगळ्यांत जास्त लांबतात, ताई. थोडं फास्ट घ्या ना."

विचार करणारे मूल आणि उठून गेलेले मूल यांतला फरक त्याला कळत नव्हता असे नाही. तो मोजला तर पडद्यावरचा आकडा खाली येईल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

पुढे गुंतवणूकदार पाहायला आले. आम्ही मागच्या खोलीतून बाहेर यायचे नाही, असे बजावण्यात आले. हॉलमधल्या पडद्यावर एक चालू संवाद दाखवायचा होता, आणि नेमका त्या मुलीचाच दाखवला गेला. मी तिला विचारले होते, घरी टॉर्चचे दोन बल्ब आहेत का? "विज्ञान प्रदर्शनाचे पडले हायेत. सेल बी हाये. थांबा, आणतो जोडून," असे लिहून ती उठली.

आम्ही काही लिहिले की वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाई. म्हणून मी एक टिंब पाठवले. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी.

"ताई, बाहेर दिसून राहिलं असन सगळं," गणिताचे सर कुजबुजले.

"दिसू द्या."

पडदा टिंबांनी भरत आला, तेव्हा ती परतली. "दोनी बल्ब तेवढेच लागले! पण एका बल्बाले सेल थंडा होता, अन् दोनाले गरम झाला. काहून?"

मी उत्तर लिहायला घेतले आणि दार उघडले. भाऊचे पुणेरी मराठी पळाले होते.

"हे काय टिंबं टिंबं लावलं तुमी? मशीन अटकली काय म्हणून विचारून राहिले पाहुणे!"

"मुलगी प्रयोग करत होती. तिला उत्तर देते."

"मंग द्या."

"मग म्हणजे कधी? बंद झाल्यावर?"

त्याने माझ्या हातातला माउस घेतला आणि संवाद बंद केला. घुबडाने पंख फडफडवले आणि हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या.

मी उठून हॉलमध्ये गेले. पाहुण्यांना सांगितले, "ती टिंबं मी पाठवत होते. मी शिक्षिका आहे. या घुबडाच्या आत माणसं बसलेली आहेत." भाऊ हसत पुढे आला. "आमच्या ताई. फार डेडिकेटेड." एका पाहुण्याने मान डोलावली आणि म्हणाला, "वा! ह्यूमन टच. हे तुमच्या जाहिरातीत घ्या." सगळे हसले. चहा आला.

त्याच दुपारी मी काम सोडले.

दोन वाटा मिळाल्या की सेलमधून जवळजवळ दुप्पट प्रवाह बाहेर पडतो, म्हणून तो तापतो. आधीचे उत्तर पक्के समजले होते, म्हणूनच तिला पुढचा प्रश्न पडला. हे तिला कळायला हवे होते आणि ते सांगणे माझे काम होते. तिचे नाव, गाव, नंबर यांतले माझ्याकडे काहीच नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या हिशेबी तिची शंका सुटलेली आहे.