शेवटचं गाणं तुमालाच

"ए बाई, तू उतर खाली. आनि त्या पोरीच्या सँडली धर."

माईक माझ्या हातात होता. अंतरा अर्धा झाला होता. खंडाळा तालुक्यातलं गाव, उसातला बंगला, पुढं मांडव, दुपारची हळद. बोलणारा नवरदेवाचा बाप. त्याला सगळे बापू म्हणतात. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, त्यामुळं घरात, रानात, मांडवात, सगळीकडं हुकूमच.

मांडव हसला. मीही हसले. उतरवलं त्याचं इतकं नाही, पण मीही हसले, हे अजून लागतं.

आणि सँडली धरल्या.

सँडली पूनमच्या. ती अनवाणी नाचते. सांगलीची, हळदीच्या पेठेतल्या हमालाची पोरगी. डीजेवर चालणारी धांगडधिंग्याची गाणी म्हणते, म्हणता म्हणता नाचते, आणि तिचे व्हिडिओ पोरांच्या मोबाईलवर फिरत असतात. मी लोणंदची, बँडवाल्या मुसलमानांच्या घरातली. अब्बा क्लॅरिनेट वाजवायचे. नवरा आमच्याच ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. गाणी माझीही तीच. फक्त माझा नाच आता गुडघ्याला विचारून चालतो. टिकल्यांचा ड्रेस नणंदेनं शिवलेला. ती म्हणते, "भाभी, लांबनं अजून पोरगीच दिसतीस." किती लांबून, ते तिनं कधी सांगितलं नाही.

खोटं कशाला लिहू. मला पूनम डोळ्यासमोर नको होती. त्या दिवशीच्या फ्लेक्सवर ती मधोमध, माणसाएवढी. मी मला शोधत होते. सापडले सगळ्यात खाली. फ्लेक्सवाल्यानं माझा फोटो शुभेच्छुकांच्या ओळीत बसवला होता, बापूंच्या गॉगल लावलेल्या दोन पुतण्यांच्या मधे. म्हणजे गाणारीही मी आणि शुभेच्छा देणारीही मीच. नवरा म्हणाला, "बरं हाय की. घरातली समजून पयल्या पंगतीला तरी बसवतील."

बसवलं नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांची पंगत जनरेटरमागं, कागदी पत्रावळीवर. घरची ताटं आमच्यासाठी निघत नाहीत.

एक गोष्ट मात्र माझी होती. आमच्या ऑर्केस्ट्रात रीत होती, शेवटचं गाणं सगळ्यात जुन्या गायिकेचं. आधी कितीही पोरी नाचून जाऊ देत, माणसं घरी जातात ती त्या आवाजावर. फोटो गेला, पंगत गेली, तरी मी ते गाणं धरून होते. बापूंनी उतरवलं आणि तेही गेलं.

स्पीकरच्या खोक्यावर सँडली मांडीत घेऊन बसले आणि ऐकत राहिले. मनात एकच. हिचा आवाज फाटू दे. वरच्या पट्टीत घसरू दे. पोरगी घसरली नाही. बेसूर असती तर मी तिला माफ तरी केलं असतं.

मग हळदीनं माखलेले पुतणे शिट्ट्या मारत स्टेजला भिडले.

"खाली ये. आमच्यात नाच."

"वरनंच गाते की, दादा."

एकानं हात लांब करून तिच्या घोट्याला हळद फासली. ती मागं सरकली. गाणं सोडलं नाही, पण आवाज बसला. ऑर्केस्ट्राचा मालक कीबोर्डकडं असा बघायला लागला की जणू आजच आणलाय.

पुढच्या सोफ्यावर बसूनच बापूंनी मला बोट केलं.

"भाभी, जरा हिकडं या." मघाशी ए बाई होते, आता भाभी. "तुमी थोरल्या. तुमचं ऐकंल ती. पोरांची हौस हाय. घटकाभर नाचली तर काय झिजतीया का? तिला खाली आना. शेवटचं गानं तुमालाच."

पुढचं मागचं सगळं विरलं. शेवटचं गाणं तुमालाच, एवढंच कानात राहिलं.

मी उठले. मला तिला खाली आणायचंच होतं. बापूंसाठी नाही, माझ्यासाठी. माणसाएवढा फोटो आहे ना तुझा? मग ये जरा खालच्या चिखलात.

शिडी चढून स्टेजवर गेले. पूनमनं माईक बाजूला केला.

"काय म्हनत्यात, भाभी?"

"खाली बोलवत्यात."

ती हळूच म्हणाली, "बा सोडत नव्हता. भाभी हाय संगं म्हनलं, तवा सोडलं."

मी तिच्या वयाची असताना सांगलीकडच्या एका लग्नात मला असंच बोलावलं होतं. आमच्यातली थोरली बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "जा गं. घरचं मालक हायती." मी गेले. पुढं काय झालं ते घरात कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. शेवटचं गाणं त्या बाईनं म्हटलं. फार सुंदर म्हटलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, ती माझ्यावर जळत होती म्हणून तिनं तसं केलं. जळत असेलच. पण त्या जळण्याचा उपयोग कुणी करून घेतला, ते मला त्या स्टेजवर, पूनमसमोर कळलं. त्यांना उठून यावंही लागत नाही. सोफ्यावर बसून एक गाणं दाखवायचं. एक बाई दुसरीला खाली आणते.

मी माईक घेतला.

"बापू, ती खाली येनार न्हाई. मी आननार न्हाई. ऐकायचं असंल तर तिथनंच ऐका."

"कुनाच्या दारात हुबी हाईस, कळतंय का?"

"कळतंय. म्हनून तर माईकवर बोलतिया. घरातल्या बायकांनाबी ऐकू जाऊ दे."

त्यांनी जनरेटर बंद करायला लावला. माईक मेला. मांडवात कुणी हसलं नाही. नवऱ्यानं ऑक्टोपॅड काखोटीला मारला आणि म्हणाला, "चला. आपल्या शुभेच्छा देऊन झाल्या." पूनमला मधे घेऊन आम्ही टेम्पोत बसलो. सँडली तिच्या तिनं घातल्या.

ऑर्केस्ट्राच्या मालकानं मला आणि नवऱ्याला काढलं. पूनमला पुण्याकडची मोठी ऑर्केस्ट्रा पार्टी मिळाली. ती फोन करत नाही. परवा लोणंद स्टेशनबाहेर रसवंतीवर तिचं नवं गाणं लागलं होतं. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले. नवरा म्हणाला, "रसानं काय केलंय?"

आता माझी स्वतःची लहानशी पार्टी आहे. त्यातल्या पोरी माझ्यापेक्षा बऱ्या दिसतात. एक तर माझ्यापेक्षा चांगली गाते, आणि तिला ते माहीत आहे. मी जळते. हे वय झालं म्हणून सुटणारं नाही, आणि मी साध्वी व्हायला बसलेली नाही. पण माझं जळणं माझं आहे. ते मी कुठल्याही बापूला वापरायला देणार नाही.

गाणं सुरू झालं की स्टेजची शिडी आम्ही वर ओढून घेतो. कार्यक्रम ठरवायला येणाऱ्याला हे मी पहिल्यांदा सांगते. परवा एकानं विचारलं, "आवं, मालकांनीच बोलावलं तर?"

त्याला म्हटलं, दुसरी पार्टी बघा. शिडी खाली येणार नाही.