बांधापर्यंतचे बारा फूट

मायाक्काचा ट्रॅक्टर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही हसू आलं होतं. डाळिंबाच्या दोन ओळींतून जाईल एवढाच, मागची चाकं जेमतेम माझ्या कमरेला येतील अशी. तिचे चुलत सासरे कोंडीबामामा तर तोंडावरच म्हणाले, "सूनबाई, ह्याला डिझेल घालतीस का पेंड?"

मायाक्कानं पदर सारखा केला. "तुमच्या बैलावानी रुसत तर न्हाय, मामा."

तिचा नवरा बिरुदेव निम्मं वर्ष मेंढरांमागे असतो. एक एकर डाळिंब आणि विहीर हिच्याच अंगावर. त्याआधी आठ वर्षं ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होती. माग बंद पडला की बाकीच्या बाया चहाला जायच्या. ही मात्र मिस्त्रीच्या मागे उभी राहून कुठली वायर कुठं जाते ते बघायची. शाळा सातवीपर्यंतच, पण एकदा पाहिलेलं विसरायची नाही.

शहरात सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून तिनं जीपचं जुनं विंच आणलं. विंच म्हणजे बॅटरीवर फिरणारा रहाटच, त्याला तारेचा दोर गुंडाळलेला. ते तिनं ट्रॅक्टरच्या नाकावर बसवून घेतलं. पहिल्या दिवशी तिनं त्याला घरात पडलेली पंपाची वायर जोडली. बटण दाबलं आणि वायर वितळून धूर निघाला. मग अंगठ्याएवढ्या जाड तांब्याच्या वायरी आणल्या. मला सांगायची, "हे लई खातं, ताई. बॅटरी बघता बघता रिकामी करतं. इंजिन चालू ठेवलं तरच ती भरत ऱ्हाती. आन जरा ओढलं की थांबायचं, बॅटरीला दम खाऊ द्यायचा."

हे सगळं तिला पाठ होतं. म्हणूनच त्या दिवशी जे झालं ते तिला अजून सहन होत नाही.

चैत्र संपत आला होता. विहिरीत गुडघाभर पाणी उरलेलं आणि मोटर गाळात रुतून बसलेली. बिरुदेव गावात होता, तो उतरला. विहीर पंचेचाळीस फूट, सुरुंग लावून फोडलेली, पायऱ्या नाहीत. काठावर आत झुकलेला लोखंडी खांब होता, त्याच्या टोकाला कप्पी. ट्रॅक्टर विहिरीकडे तोंड करून उभा होता. विंचचा दोर कप्पीवरून खाली सोडलेला, आणि त्याला बांधलेल्या पट्ट्यात बिरुदेव. मी शेजारच्या आमच्या वावरात गावातल्या नागव्वा आणि सोनालीबरोबर कांदा काढत होते. कोंडीबामामा काठावर बसून फुकटचा सल्ला देत होते.

मोटर हलली, पण वरचा पाइप निसटला आणि बिरुदेवच्या खांद्यावर आला. खालून आरोळी ऐकू आली. पुढचं मात्र काही कळेना, कारण इंजिनाची धडधड विहिरीत घुमत होती.

"काय म्हनता?" मायाक्का ओरडली.

"बंद कर ते! ऐकू येत न्हाय!"

तिनं चावी फिरवली. शांत झालं आणि मग कळलं, त्याचा उजवा हात उठत नव्हता.

"ओढ वर! सावकाश!"

तिनं बटण दाबलं. दोर वर यायला लागला. तो "थांब" म्हणायचा, ही थांबायची. "ओढ" म्हणायचा, ही ओढायची. एकेक शब्द ऐकायचा होता, म्हणून इंजिन परत चालू करायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. विंच सगळं बॅटरीतूनच खात होतं. बिरुदेव तीस फूट वर आल्यावर विंचचा आवाज जड झाला आणि ते बंद पडलं. तिनं चावी फिरवली. टक, टक, टक. एवढंच.

तिचा चेहरा मी पाहिला. चूक कुठं झाली ते तिला कळलं होतं.

आम्ही तिघी धावत काठाशी गेलो. बिरुदेव पंधरा फूट खाली लोंबकळत होता, एक हात दोराला, एक हात मेल्यासारखा. पट्टा मांड्यांत रुतला होता.

"पायाला मुंग्या आल्यात गं," तो म्हणाला. "का थांबलीस?"

"थांबले न्हाय. बॅटरी गेली."

"शाब्बास! आता हितंच मुक्काम करू म्हन की."

तो हसायला गेला आणि कळवळला. सोनालीनं आदिनाथला फोन लावला, गावात मोठा ट्रॅक्टर त्याचाच. तो वैरागला होता. तास तरी लागणार.

तेवढ्यात कोंडीबामामा उठले. विंचच्या बाजूला एक खटका असतो. तो फिरवला की दोर मोकळा सुटतो. त्यांनी हात घातला. "हे मोकळं करा, पाची जनं धरून हातानं ओढू!"

"मामा!" मायाक्का अशी ओरडली की मामांचा हात तिथंच राहिला. तिनं त्यांना बाजूला सारलं आणि विंचवर पाठ टेकून उभी राहिली. सासऱ्याला हात लावून ढकललं, हे तिला तेव्हा कळलंही नसेल. "त्यो खटकाच धरून हाय त्यास्नी. सुटला की ते खाली."

मामा दोन पावलं मागं सरले.

खालून आवाज आला, पण आता बारीक. "मायाक्का, पाय कळत न्हाईत."

ती दोराकडे बघत होती. दोर कप्पीवरून ट्रॅक्टरला आलेला, ताणलेला. मग तिनं मागं, बांधापर्यंतच्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"ट्रॅक्टर मागं ढकलायचा," ती म्हणाली. "विंच दोर सोडत न्हाय. आपण मागं जाऊ तेवढं ते वर येतील."

"अगं, वर येतील का तुला घिऊन विहिरीत जातील?" नागव्वा म्हणाली.

"म्हणून तर दगड. तू चाकापुढं दगड लावत ये. मी ब्रेकवर."

ती चढली आणि गिअर काढला. मामा, सोनाली आणि मी पुढून रेटायला लागलो. विहीर आमच्या पाठीशी, दोर कानाजवळून गेलेला. पहिल्यांदा ट्रॅक्टर मागं जायच्या ऐवजी बोटभर आमच्याच अंगावर आला. ब्रेक बसला. मग मामांनी खांदा लावला आणि चाक हललं.

एक फूट. दगड. एक फूट. दगड. मोठा ट्रॅक्टर असता तर तीन माणसांनी जागचा हलला नसता. मी मनातल्या मनात बिरोबाचं नाव घेत होते. मोठ्यानं घेतलं नाही, कारण खालचा आवाज ऐकायचा होता. तो आता येतच नव्हता.

"अवो! बोला की काय तरी!" मायाक्का सीटवरून ओरडली. तिला विहीर दिसत नव्हती, फक्त कप्पी दिसत होती.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "काय बोलू?"

"शिव्या द्या!"

"नंतर देतो."

बारा फुटांवर मागचं चाक बांधाला टेकलं. दगडामातीचा जुना बांध, त्यापुढं ट्रॅक्टर जाणार नव्हता. मामा काठाशी पालथे पडले आणि हात खाली सोडला. "हातभर कमी पडतंय!"

मायाक्कानं दोन्ही चाकांना दगड लावून घेतले. मग विंचचं बटण हातात घेतलं. बॅटरीला मघापासून कुणी हात लावला नव्हता. तिच्यात थोडा जीव परत आला असेल किंवा नसेल. एकदा दाबलं की संपलं.

"मामा, पट्टा हाताला लागला की सोडू नका." तिनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि बटण दाबलं.

विंच कण्हलं. दोर वीतभर आला, आणखी वीतभर, आणखी थोडा. मग थांबला. "धरला!" मामा ओरडले. सोनालीनं मामांचे पाय धरले, मी आणि नागव्वानं पुढं होऊन बिरुदेवच्या काखेत हात घातले, आणि चौघांनी मिळून त्याला काठावर ओढलं. तो मातीत पडून राहिला. ओठ पांढरे, पण डोळे उघडे.

"मीच म्हटलं हुतं, बंद कर म्हनून," तो पुटपुटला.

"तुमी म्हणलात," मायाक्का सीटवरूनच म्हणाली, "पण चावी माझ्या हातात हुती."

नागव्वा तिच्याजवळ गेली. "उतर आता. पाय काढ त्या ब्रेकवरचा. आलं की ते वर."

मायाक्का हलली नाही. पाय ब्रेकवर तसाच दाबलेला.

"आधी त्यांच्या अंगाचा पट्टा सोडा," ती म्हणाली. "मग काढते."